झिंगे येण्याआधीचं पाणी

यंदाची थंडी सेलूत जरा उशिरानं उतरली, पण उतरली ती एकदम. काल सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना लोखंड हाताला चावलं. समोरच्या चहावाल्याच्या भट्टीभोवती कानांना रुमाल बांधलेली माणसं गोळा झाली होती आणि नागपूरकडून येणारी एसटी दिवे लावूनच धुक्यातून बाहेर आली. मी आत शिरले, बत्ती लावली आणि सवयीनं आधी काचेच्या टाकीपाशी गेले.

आमचं दुकान मॅचिंगचं आणि शिलाईचं. अस्तराच्या कापडाच्या रॅकला लागून ही टाकी ठेवलेली आहे. तिच्यात लाल रंगाचे, नखाएवढे झिंगे राहतात. एरवी दिवसभर त्यांचे पाय चालूच असतात; दगडावरून, पानावरून, काचेवरून सारखं काहीतरी वेचून तोंडात घालणं चाललेलं असतं. थंडी पडली की मंदावतात. काल तर शेवाळावर कुणी मूठभर गुंजा सांडून ठेवल्यासारखे निवांत बसले होते. मी काचेवर तळवा टेकवला. पाणी गरम ठेवणाऱ्या कांडीचा लाल दिवा लागलेला होता, तरी काच गार होती. त्या गारव्यानं मला तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात या टाकीत काहीच नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि आम्ही नवराबायको सकाळसंध्याकाळ त्या पाण्याकडे पाहत बसायचो.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. आमच्याकडे अजून तशी रीत आहे, आणि आता जीभही वळत नाही. पण लिहिताना घ्यायला काय हरकत? दिवाकर. सेलूत आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्यांच्या हातचा कोट घालून बोहल्यावर चढलेली माणसं आज आजोबा झाली आहेत. दुकानाच्या पुढच्या भागात मी ब्लाउजपीस, अस्तर, फॉल विकायची आणि मागे मोठ्या टेबलावर ते कापड बेतायचे. कापडावर खडूची रेघ ओढताना ते श्वास धरायचे. रेघ संपली की सोडायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते त्या श्वासाकडे.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. सेवाग्रामच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून वाचा शाबूत राहिली, पायही हळूहळू सावरला. हात मात्र सावरेना. हात होता, हलतही होता, पण बोटं आपसांत बोलत नव्हती. अंगठ्यानं धरलं की तर्जनी सुटायची, तर्जनीनं धरलं की मनगट लुळं पडायचं. फिजिओथेरपीच्या मॅडम अगदी तरुण होत्या, आमच्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी सांगितलं, "काका, ताटात तुरीचे दाणे घ्यायचे. एकेक उचलून वाटीत टाकायचा. रोज. कंटाळा नाही करायचा."

घरी येऊन मी ताट मांडलं. त्यांनी थोडे दाणे उचलले, त्यातले बरेच निसटले. मग डाव्या हातानं त्यांनी ताटच उडवून दिलं. दाणे पलंगाखाली, शिलाई मशीनच्या पायडलखाली, कुठे कुठे गेले.

"ज्या हातानं काज करत होतो, त्या हातानं दाणे येचू? लहान लेकरू आहो का मी?"

मी झाडू आणला. मी दाणे गोळा करत होते आणि ते पाहत होते. मग भिंतीकडे तोंड करून निजले आणि म्हणाले, "मी संपलो व, शैला."

शिवायला दिलेली कापडं लोक परत न्यायला येत. कुणी वाईट बोलत नसे. उलट प्रत्येक जण काहीतरी घेऊन येई, संत्री, बिस्किटं, देवाचा अंगारा. दिवाकर कुणासमोर येत नसत. दुकानात येणं त्यांनी बंदच केलं. मागच्या टेबलावर मी साड्यांचे गठ्ठे ठेवायला लागले, कारण रिकामं टेबल पाहवत नव्हतं.

दिवाळीला प्राची आली. आमची एकुलती एक लेक. नागपुरात नोकरी करत होती, तिथून पुण्याला बदली झाली होती. खोली रिकामी करून जे सामान पुण्याला नेता येणार नव्हतं ते टेम्पोत घालून तिनं सेलूला आणलं. त्यात दोन गोधड्यांत गुंडाळलेली ही काचेची टाकी होती. तिला त्यात झिंगे पाळायचे होते, सामानही जमवलं होतं, पण राहूनच गेलं.

"बाबा, तुम्ही पाळता का?" तिनं विचारलं.

"झिंगे? बाजारात सुकवलेले भेटतेत ते?"

"ते नाही हो. हे छोटे असतात, लाल. शोभेचे. पण लगेच नाही टाकता येत. आधी टाकी सायकल करावी लागते."

"सायकल? मंग पायडल कोन मारन?"

प्राची हसली, मी हसले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. मग पलंगावर मांडी घालून तिनं बाबांना समजावून सांगितलं. पाण्यात जीव राहिला की घाण होते, घाण सडली की विष तयार होतं. ते विष खाणारे जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, विकत आणावे लागत नाहीत, आपणच येतात. पण फार हळू येतात. एका जातीचे जिवाणू पहिल्या विषाचं दुसरं विष करतात. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते त्या दुसऱ्याचं साधं खत करतात, जे झाडं पिऊन टाकतात. दोन्ही जाती टाकीत नीट वसल्या म्हणजे पाणी राहण्याजोगं झालं. त्याआधी झिंगा टाकला तर मेला.

दिवाकर ऐकत होते. "मंग तोवर त्या जिवाणूंनी खायाचं काय?"

"माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची आणि सडू द्यायची."

"म्हणजे रिकाम्या टाकीले जेऊ घालाचं."

"अगदी तसंच, बाबा."

त्यांनी विषय तेवढ्यावरच सोडला. पण दुसऱ्या दिवशी प्राचीची गाडी सुटून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "बोर नदीची बारीक रेती कोनाकडे भेटन?" वारं गेल्यानंतर त्यांनी पहिल्यांदा कशाची तरी चौकशी केली होती. मी हातातलं काम टाकून रेती आणायला गेले.

रेती त्यांनी इतक्या वेळा धुतली की शेवटी बादलीतलं पाणी पिण्यासारखं दिसायला लागलं. टाकी दुकानात ठेवायची हे त्यांनीच ठरवलं. घरात भिंत ओली होती आणि दुकानात विजेचा बोर्ड जवळ होता. असं ते म्हणाले. मला मात्र वाटलं, दुकानात येण्यासाठी या माणसाला निमित्त हवं होतं. मी साड्यांचे गठ्ठे गुपचूप उचलून टेबल मोकळं केलं.

शेवाळाचे झुबके दगडांना बांधायचे होते. प्राचीनं सांगितलं होतं की साध्या शिलाईच्या दोऱ्यानं बांधलं तरी चालतं; शेवाळ दगडाला धरेपर्यंत दोरा टिकला की पुरे. हिरव्या दोऱ्याचं रीळ त्यांनी स्वतः काढलं. डाव्या हातानं दगड धरला आणि उजव्या हाताच्या बोटांत दोरा. मी पुढं गिऱ्हाईक करत होते, पण कान आणि डोळे मागेच. दोरा सुटायचा. शेवाळ सरकायचं. दगड टेबलावर आपटायचा. मला दर वेळी वाटे, आता हा दगड भिंतीवर जाणार. एकदा न राहवून मी म्हटलं, "आणा, मी गाठ मारून देते."

"राहू दे," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. शिवणावरून उठवलं की म्हणायचे, तसंच म्हणाले.

दुपारपासून ऊन उतरेपर्यंत एक दगड झाला. गाठ ओबडधोबड होती, शिंप्याला लाज वाटावी अशी. त्यांनी तो दगड हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि पाण्यात सोडला. दुसरा दगड त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला.

टाकी भरली, हवेचा छोटा पंप सुरू झाला, कोपऱ्यातल्या काळ्या स्पंजमधून बुडबुडे वर यायला लागले. त्यानंतर पाणी एकदम दुधाळ झालं. तांदळाच्या धुवणासारखं. एक ओशट वासही सुटला. मी धास्तावले, वाटलं, झालं, एवढी मेहनत नासली. त्यांनी प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, "काही करू नका बाबा. हात लावू नका. आपोआप निवळेल." आणि या माणसानं खरंच हात लावला नाही. मी त्यांना ओळखते. आयुष्यभर एक सुरकुती दिसली तरी इस्त्री घेऊन धावणारा माणूस, तो खुर्ची घेऊन त्या पांढऱ्या पाण्यासमोर शांत बसला. मला त्यांचं नवल वाटायला लागलं ते तिथून.

दुकानात येणारे लोक विचारत. मॅचिंगच्या दुकानात बाया रंग जुळवायला येतात, हातात साडीचा पदर असतो, घाई असते. पण टाकीपाशी थबकत.

"काय हो भाऊ, मासोया कुठं आहेत?"

"अजून यायच्या आहेत."

"मंग पंप काऊन चालू आहे?"

"घर बांधणं चालू आहे ना."

पहिल्यांदा कुणीतरी असं विचारलं तेव्हा ते मागच्या खोलीत सटकायला निघाले होते. पण प्रश्न त्यांच्या हाताबद्दल नव्हता. पाण्याबद्दल होता. ते थांबले आणि उत्तर दिलं. मग कळलं, लोक टाकीबद्दल विचारतात तेव्हा हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही. हळूहळू ते पुढच्या भागातच बसायला लागले.

पाणी तपासायचं काम मात्र मला मिळालं. प्राचीनं तपासणीच्या बाटल्या ठेवल्या होत्या. काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकायचं, हलवून थोडं थांबायचं, मग पाण्याला जो रंग चढेल तो कागदावरच्या रंगांशी लावून पाहायचा. थेंब टाकणं त्यांचं. रंग ओळखणं माझं, कारण त्यात माझी हयात गेली. साडीतला एक धागा पाहून मी सांगते की हा रामा आहे की मोरपंखी. पहिल्या विषाच्या तपासणीत पाणी चांगलं असलं तर लिंबू पिवळं राहतं, वाईट असलं तर पोपटी होत होत गडद हिरवं होतं. दुसऱ्या विषाच्या तपासणीत चांगलं पाणी आस्मानी असतं आणि वाईट असलं की जांभळं होतं.

बाटली दाबून एकच थेंब पाडणं किती कठीण असतं हे मी त्यांच्या हाताकडे पाहून शिकले. पहिल्या दिवशी बाटली दबलीच नाही. मग दबली ती अशी की अख्खी पिचकारी नळीच्या बाहेर. ते नळी धुवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. दाण्यांचं ताट उडवणारा हाच हात. मी कधी विचारलं नाही की दाण्यांत आणि थेंबांत काय फरक आहे. मला वाटतं, दाणे वेचून काही होणार नव्हतं, वाटी भरली की पुन्हा ताटात ओतायची. थेंब नीट पडला तर पाण्याबद्दल काहीतरी खरं कळणार होतं. त्यांना आयुष्यभर कामाचीच सवय. खेळ म्हणून हात हलवणं त्यांच्यानं झालं नाही.

हिरवं गडद झालं, मग एक दिवस जरा फिकं वाटलं. "पोपटी," मी म्हटलं. नंतर "लिंबू. पक्कं लिंबू." त्यांनी नळी उन्हात धरली आणि बराच वेळ पाहिली. कुणीतरी आलं होतं. स्पंजाच्या त्या काळ्या भोकांत, रेतीच्या कणाकणावर, न दिसणाऱ्या कुणीतरी बिऱ्हाड मांडलं होतं आणि आपलं काम सुरू केलं होतं. मी देवाधर्माची फार नाही, पण त्या सकाळी मला स्पंजाला हात जोडावेसे वाटले. आता दुसऱ्या विषाची पाळी होती, आणि ते जांभळं होऊन बसलं. थंडी वाढली तसे ते दुसरे जिवाणू जणू अंथरुणातून उठेनात. रोज नळीत तोच रंग. वांगी. दिवसामागून दिवस वांगी.

अशा दिवसांत वसंता आला. वसंता म्हणजे दिवाकरांचा धाकटा भाऊ, समुद्रपूरला राहतो, कपाशी आणि तूर करतो. मोठ्या भावावर त्याचा फार जीव. वारं गेल्यापासून तो आला की उगाच मोठ्यानं बोलायचा आणि जाताना बसस्टँडवर डोळे पुसायचा, हे मला रिक्षावाल्यानं सांगितलं होतं. त्या दिवशी तो शालीत काहीतरी छातीशी धरून आला.

"दादा, पाह्य काय आणलं तुह्यासाठी!"

शाल बाजूला केली. हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी, अर्धी पाण्यानं भरलेली, आणि आत लाल लाल जीव. नागपूरला कामासाठी गेलता, तिथल्या दुकानातून घेतले. आणि गार लागू नये म्हणून एसटीत अख्खा वेळ शालीत छातीशी धरून बसलेला. मी ते जीव पहिल्यांदाच पाहत होते. डोळे सुईच्या टोकाएवढे, अंग काचेसारखं, त्यातून लाल उजेड गेल्यासारखा. किती सुंदर असतात ते! मला वाटलं, सुटलो, आजपासून टाकी रिकामी नाही.

दिवाकर पिशवीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"वसंता, आत्ता नाई टाकता येत रे."

"काऊन? पाणी तं काचेसारखं आहे."

"दिसाले आहे. शैला, सकाळची नळी दाखव त्याले."

मी नळी दाखवली. गडद वांगी.

"हा रंग आहे तोवर आत गेला का मेला."

"काय बाप्पा दादा! नदीत कोन रंग पाह्यते? टाकून दे, काही होत नाई."

"नाई टाकणार."

वसंताचा चेहरा पडला. "एवढ्या दुरून उराशी धरून आणले न मी. तुले काही द्या, तू तोंड फिरवतं. संत्री आणली तं तसंच, डॉक्टरचं नाव सांगतलं तं तसंच. एक गोष्ट तं घे ना माह्या हातची!"

 वसंतानं पिशवी टेबलावर ठेवली, "येतो वयनी" म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला. मी त्याच्यामागे दारापर्यंत धावले, पण तो वळला नाही.

आत आले तेव्हा मला भीती होती, आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजणार. पण ते उभे होते. "नवं टोपलं आहे का घरात? प्लॅस्टिकचं. साबण न लागलेलं."

टोपलं होतं, कपडे भिजवायच्या टबासारखं पसरट, कोरं. प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, मोकळ्या टोपल्यात ठेवून पाहा, पण त्यात घाण खाणारं कुणी नसेल, तेव्हा थोडं थोडं पाणी काढून थोडं थोडं ताजं घालत राहावं लागेल. एकदम नाही, हळू, रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ. टाकी तयार होईपर्यंत. जे काम टाकीत जिवाणू करणार होते ते आता माणसानं हातानं करायचं होतं. त्यांनी विचारलं, "कोणतं पाणी?" विहिरीचं, उघडं ठेवलेलं. तांब्याच्या हंड्यातलं अजिबात नाही, तांबं झिंग्यांना विषासारखं. त्यांनी लगेच मला आमचा तांब्याचा हंडा टोपलं ठेवलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीतून हलवायला लावला.

आणि मग मी जे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. थंडीच्या सकाळी, अंगावर स्वेटर, खुर्ची ओढून टोपल्याशेजारी बसलेले दिवाकर. उजव्या हातात छोटा प्याला. डाव्या हातानं काम पटकन झालं असतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "डावा घाई करते." हे खरं होतं. डावा हात पाणी ओतायचा. उजव्याला ओतताच येत नव्हतं, तो थरथरत थरथरत धार सोडायचा, आणि झिंग्यांना तशीच धार हवी होती. प्याला बुडवायचा, उचलायचा, मनगट वळेपर्यंत थांबायचं, रिकामा करायचा. अर्धं पाणी मांडीवर. धोतर ओलं, पाय गार. कधी कधी प्याला सुटून टोपल्यात पडायचा आणि सगळे झिंगे टिचकी मारल्यासारखे मागे उडायचे. "सॉरी, सॉरी," ते झिंग्यांना म्हणायचे. मला इतक्या वर्षांत कधी म्हणाले नव्हते!

पहिल्या काही दिवसांत त्यातले काही मेले. प्रवासानं असेल. मेलेला झिंगा फिका गुलाबी पडतो. ते चिमट्यानं उचलून त्याला खिडकीतल्या मनीप्लँटच्या पानावर ठेवायचे. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुले वाटते का, टाकीतच टाकाले पाह्यजे होते? वसंताचं आयकाले पाह्यजे होतं?"

मी सकाळीच पाहिलेला वांगी रंग डोळ्यांसमोर आणला. "नाही," मी म्हटलं. "सगळे गेले असते."

त्यांनी मान हलवली आणि प्याला उचलला.

वसंता फुरंगटून गेला होता खरा, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. माझ्या मोबाइलवर, भावाच्या नाही. "वयनी, आहेत, का मेले?" मी सांगितलं, आहेत, आणि तुझा भाऊ काय करून राह्यला तेही सांगितलं. त्यानं टोपलं केवढं आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "दादाले सांगजो, घाई नोको करू म्हना." त्यानंतर रोज दुपारी फोन. पुढे पुढे तो थेट दादालाच लावायला लागला. दोघं भाऊ, लहानपणापासून एकमेकांशी कामापुरतं बोलणारे, आता पाण्यावर बोलायचे. आज थंडी किती, तिकडे धुकं आहे का, तो छोटा झिंगा वर आला का. एका झिंग्यानं कात टाकली तेव्हा तर दिवाकर इतके उत्साहात होते की फोन कानाला उलटा लावला. झिंगा मोठा होताना जुनं कवच अंगातून काढून ठेवतो. टोपल्यात ते कवच तसंच्या तसं, पाय-मिशांसकट, पारदर्शक पडलं होतं. "वसंता, याच्या अंगावर शिवण नाई रे कुठं!" असं ते ओरडून सांगत होते.

आज हे लिहिताना मागून खडूचा आवाज येतो आहे. हात पूर्ववत झाला नाही, हे सांगून टाकते. मोठी कैची त्यांच्या हातात पुन्हा कधी आली नाही. ती जड आहे आणि तिला अंगठ्याचं जे बळ लागतं ते परत आलं नाही. पण खडू धरता येतो. ते रेघ ओढतात, मी त्या रेघेवरून कापते. रेघ पूर्वीसारखी सरळसोट येत नाही, जरा लहरत येते. मी कापताना कुठे सरळ करायची ते मला कळतं आणि त्यांनाही चालतं. कोट कमी येतात, शर्ट आणि शाळेचे गणवेश जास्त. लोक म्हणतात, दिवाकररावांनी हात परत मिळवला. मला त्या वाक्यात काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. हात कितपत परत मिळणार हे त्यांच्या हाती नव्हतंच. त्यांच्या हाती होतं ते, जे दिसत नाही त्याची वाट पाहणं, आणि पाहता पाहता रोजचं काम न चुकवणं. ते त्यांनी केलं. मी एवढी वर्षं त्यांच्या कसबाचं कौतुक ऐकत आले, स्वतःही केलं. पण कसब असलेल्या हाताचं कौतुक करणं सोपं असतं. मला तो माणूस खऱ्या अर्थानं मोठा वाटला ते ओल्या धोतरात, प्याला सांडत असताना.

त्या हिवाळ्यातली संक्रांत जवळ आली होती. एका सकाळी मी नळीतला रंग पुन्हा पुन्हा पाहिला. खात्री नव्हती. पांढऱ्या कापडाचा तुकडा मागे धरला. मग रॅकवरून अस्तराचा तागा काढून शेजारी लावला.

"काय व?" ते म्हणाले.

"आस्मानी," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. पुन्हा थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या सकाळीही नळीत जांभळ्याचा मागमूस नव्हता. टाकीच्या काचेवर एव्हाना तपकिरी थर येऊन गेला होता, त्यावर हिरवी झाक धरली होती, शेवाळ दगडाला घट्ट चिकटलं होतं. मी म्हटलं, आता तरी टाका. ते म्हणाले, "वसंताले येऊ दे."

वसंता पहिल्या बसनं आला. सोबत हरभऱ्याची हिरवी डहाळी. ती त्यानं दुकानाबाहेरच ठेवली. "फवारणी झालती वावरात," असं स्वतःच म्हणाला, आणि औषधाचा अंश पाण्यात जाऊ नये म्हणून नळावर कोपरापर्यंत हात धुऊन मग आत आला. दिवाकरांनी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

टाकीतलं पाणी बारीक नळीनं थेंबाथेंबानं टोपल्यात सोडलं, झिंग्यांना नव्या पाण्याची ओळख व्हावी म्हणून. यात सकाळ गेली. दोघं भाऊ टोपल्याकडे पाहत बसले, मी चहा केला, तो गार झाला. मग दिवाकरांनी प्याला घेतला. पाण्यासकट एकेक झिंगा प्याल्यात घेऊन टाकीच्या काठाशी नेला आणि पाण्याखाली तिरपा केला. पहिला झिंगा प्याल्याच्या काठावर थबकला, मिशा हलवल्या, आणि पाय पसरून अलगद खाली उतरला, वाऱ्यावरून पाकळी उतरावी तसा. दगडावर टेकला. क्षणभर तसाच. मग पुढचे दोन बारीक हात चालायला लागले. शेवाळ चाचपायचं, तोंडाशी न्यायचं, पुन्हा चाचपायचं.

"खाऊन राह्यला," वसंता कुजबुजला. "दादा, खाऊन राह्यला!"

"मंग? इतके दिवस सैपाक चालू होता त्यायचा," दिवाकर म्हणाले.

सगळे आत गेले. कुणीही उलटा पडला नाही. दुपारपर्यंत आम्ही तिघं तिथंच; गिऱ्हाईक आलं की मी उठायची, कापड फाडून द्यायची आणि परत येऊन बसायची. ब्लाउजला अस्तर घ्यायला आलेली एक म्हातारी बाईही घटकाभर बसली आणि अस्तर न घेताच हसत निघून गेली.

वसंताची परतीची बस लागली तेव्हा त्याला निरोप द्यायला आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर आलो. ऊन छान पडलं होतं. दिवाकर भावाला सांगत होते की पुढच्या खेपेला मुक्कामाला येजो, तुरीच्या शेंगा आणजो, आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात वर आला. शिंप्यांना एक सवय असते. नवा कपडा घालून गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याच्या खांद्यावरचा सुटा दोरा चिमटीत धरून उचलायचा. माझ्या खांद्यावर, दिवसभर कापड फाडून, एक पांढरा दोरा अडकला होता. त्यांनी तो अंगठ्यानं आणि तर्जनीनं उचलला, पहिल्याच खेपेला, आणि वाऱ्यावर सोडून दिला. नजर वसंताकडेच होती. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. वसंताच्या आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच त्याला सांगितलं, काही बोलू नको.